मधली वर्षं

चि. मनूस,

काल रात्री वहिनीचा फोन आला. तू महिनाअखेरीस राजीनामा देणार आणि पी.एफ. काढून फ्लॅटच्या कर्जात भरणार, असं ती म्हणाली. राजीनाम्याचं मी समजू शकते. लेक दीड वर्षाची आहे, पाळणाघरवाल्या बाईंनी काम बंद केलंय आणि तुझ्या सासूबाईंचे गुडघे कसे आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे. पी.एफ.चं ऐकून मात्र झोप उडाली. तुझी आठ वर्षं झालीत, पेन्शनला दहा लागतात. आणि त्यावर तू म्हणालीस म्हणे, "आत्याकडे बघ ना, या वयातही शिकवण्या घेते. हल्ली बायका कुठल्याही वयात कमावतात. मीही पुढे बघेन." तुझं हे वाक्य मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

बायका उतारवयात पूर्वीपेक्षा जास्त वर्षं कमावताहेत हे खोटं नाही. अमेरिकेत क्लॉडिया गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी २०१८ साली याच विषयावर एक ग्रंथ संपादित केला. गोल्डिनबाईंना २०२३चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्या याच. साठी ओलांडूनही कामावर राहणाऱ्या तिथल्या बायकांत शिकलेल्या आणि ऐन उमेदीच्या वर्षांत नोकरी धरून ठेवलेल्या बायका जास्त दिसतात. हातातलं काम आवडतं, त्यात मान आहे, मग सोडायचं कशाला, असा त्यांचा हिशेब. इंग्लंडमधली गोष्ट वेगळी. तिथे बायकांचं सरकारी पेन्शनचं वय ६० होतं, ते २०१० ते २०१८ या काळात ६५वर नेलं आणि २०२०मध्ये ६६वर. १९५०च्या दशकात जन्मलेल्या कितीतरी जणींचा आयुष्यभराचा आडाखा त्यात चुकला आणि पेन्शन लांबलं म्हणून नोकरीही लांबली. तेव्हा 'म्हातारपणी कमावणारी बाई' म्हटलं की त्यात दोन जणी असतात. एकीला काम सोडवत नाही, दुसरीला सोडता येत नाही. बाहेरून दोघी सारख्याच दिसतात, आणि तू मला बाहेरूनच बघितलंस.

आपल्याकडे दुसरीची संख्या मोठी आहे. शेतमजूर बाईच्या, धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या बोलण्यात निवृत्ती हा शब्दच नाही, हात चालतात तोवर काम. पण तुझ्यामाझ्यासारख्या शिकलेल्या घरांतही साठीनंतर बाई डबे करते, शिकवण्या घेते, कुणाचं बाळ सांभाळते, ती पुष्कळदा हिशेब जुळत नाही म्हणून. २०११च्या जनगणनेत साठीपुढच्या बायका सुमारे ५.३ कोटी होत्या आणि पुरुष ५.१ कोटी. म्हणजे शेवटचा पल्ला बायकांचा लांब असतो. तो एकटीचाही असतो. मुंबईत देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८मध्ये देशभर ज्येष्ठांची पाहणी केली, तीत साठीपुढच्या निम्म्याहून अधिक बायका विधवा निघाल्या. त्याच वयाच्या पुरुषांत विधुर साधारण सहात एक. आणि या लांब, एकटीच्या पल्ल्याची शिदोरी मात्र सगळ्यात तोकडी, कारण ती मधल्या वर्षांत भरायची असते आणि मधली वर्षं आपण घरात घातलेली असतात. २०१९च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं भरली. जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७. या मिनिटांवर ना पी.एफ. कापला जातो, ना ग्रॅच्युइटी चढते. माहेरची जमीन म्हणशील तर आपल्या राज्याने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला तो १९९४ला, देशाच्या अकरा वर्षं आधी. तरीही हक्कसोडपत्रावर सही करून साडीचोळी घेऊन परतणाऱ्या बहिणी घरोघर आहेत. आपल्या घरातल्या सह्या कुणाच्या, ते तुला ठाऊक आहे.

आता पेन्शनच्या त्या दहा वर्षांकडे येते. १९९५च्या पेन्शन योजनेचं सूत्र साधं आहे. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगाराची मर्यादा १५,००० धर. दहा वर्षांना महिना २,१४३ रुपये येतात. तीस वर्षं भरली तर वीस वर्षांच्या पुढे मिळणारी दोन वाढीव धरून ६,८५७. दहाच्या आत पेन्शनचा भाग उचललास तर ही आठ वर्षं पुसली गेली, पुढच्या नोकरीत शून्यापासून मोजणी. न उचलता स्कीम सर्टिफिकेट घेतलंस तर ती आठ तशीच राहतात, पुढे कधीही दोन जोडता येतात. तू म्हणशील, दोन हजारांत काय होतं? काही होत नाही. पण त्याच्या शेजारी पी.एफ.ची रक्कम ठेव. सध्याच्या ८.२५ टक्क्यांनी ती साधारण नऊ वर्षांत दुप्पट होते. दर टिकला तर आज चौतिसाव्या वर्षी काढलेले चार लाख म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षीचे पंचवीस लाखांहून जास्त. १९५२च्या पी.एफ. योजनेत नोकरी सुटल्यावर पैसे काढायला दोन महिने थांबायची अट होती, आणि लग्नासाठी नोकरी सोडणाऱ्या बाईला तीतून सूट होती. कायदा करणाऱ्यांनी हे भल्यासाठीच केलं असणार. पण बाईची शिदोरी लवकर मोडायला आपण किती तत्पर असतो, हे त्यात आपसूक लिहिलं गेलं.

गृहकर्जाचं व्याजही तेवढंच असतं, मग फेडलं तर बिघडलं कुठे, असं जावईबापू म्हणतील. हिशेबाने त्यांचं बरोबर आहे. पण व्याज वाचतं ते घराचं आणि मोडतं ते तुझं. त्या फ्लॅटच्या कागदावर तुझं नाव आहे का, एवढं मला कळव. दुसरा मुद्दा पाळणाघराच्या खर्चाचा, की पगार त्यातच जातो. तो खर्च दरवेळी आईच्याच पगारातून का वजा होतो, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. मूल दोघांचं, तर खर्चही दोघांच्या पगारांना वाटून लाव, मग बघ नोकरी परवडते की नाही. आणि तो खर्च चार-पाच वर्षांचा असतो. मोडलेल्या सेवेचा तोटा अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू होतो आणि शेवटपर्यंत चालतो. नंतर परत लागेन म्हणतेस, लागशीलही. पण परतणाऱ्या बाईला बहुतेकदा खालच्या पायरीवरून किंवा कंत्राटावर घेतात, म्हणून तर पेन्शनची वर्षं तुटू द्यायची नाहीत. सरकार देतं की, असंही ऐकते. लाडक्या बहिणीचे दीड हजार पासष्टीला थांबतात. श्रावणबाळचे मिळतात ते निराधाराला. माझ्या भाचीचं म्हातारपण त्या यादीत बसावं असं मला वाटत नाही.

एक आक्षेप खरा आहे आणि तो मी मोडून काढणार नाही. हे सगळं बाईलाच का सांगायचं? घराने, कंपनीने, कायद्याने तिच्यासाठी का बदलू नये? बदलायलाच हवं. पण ते बदलेपर्यंत तुझी चौतिशी थांबणार नाही. मलाही हे सांगणारी माणसं होती. मी ऐकलं नाही, आणि घरासाठी केलं म्हणून बरीच वर्षं स्वतःचं कौतुक करून घेतलं. मुलांना शिकवायला मला आवडतं, ते खरंच आहे. पण आवडतं म्हणून शिकवणं आणि औषधांची बिलं डोळ्यांसमोर ठेवून शिकवणं यांतला फरक मुलांना कळत नाही, तुलाही कळला नाही. तो मी कळू दिला नाही, हा दोष माझा.

फार बोलले. राजीनामा द्यायचाच असेल तर दे. लेकीजवळ वर्ष-दोन वर्षं राहावंसं वाटणं यात कमीपणा काहीच नाही, आणि उद्या कुणी तसं म्हणालं तर मी तुझ्याच बाजूने भांडेन. फक्त तो पी.एफ.चा अर्ज भरू नकोस. भरला असशील तर अजून काही करता येतं का ते उद्याच्या उद्या विचार. आणि बिनपगारी रजा मिळत असेल तर आधी ती माग. एप्रिलमध्ये माझ्या दहावीच्या मुलांची परीक्षा संपलेली असते, मग मी मोकळी. दोन महिने येऊन राहते. छकुलीला मी सांभाळीन, तिच्या खिमटाची काळजी करू नकोस. पत्र वाचून राग आला तर फोनवर काढ. शिकवण्या साडेसातला संपतात, त्यानंतर कर.

तुझी,
आत्या