सिगारेट सोडली, वजन वाढलं

प्रश्न : वय 44. वीस वर्षं रोज दहा-बारा सिगारेटी ओढत होतो. चार महिन्यांपूर्वी सोडल्या. वजन 4 किलो वाढलं, झोप लागत नाही, चिडचिड होते. हार्मोन्स बिघडले असतील का?

उत्तर : आधी तुमचं मनापासून अभिनंदन. निकोटिन अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल वाढवतं, भूक मारतं. तो रेटा थांबला की भूक परतते. पहिल्या वर्षात सरासरी 4-5 किलो वाढ नेहमीचीच. धूम्रपानामुळे पेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. सोडल्यावर हे सुधारतं, पण वाढलेलं वजन ती सुधारणा काही काळ झाकून टाकतं. त्यामुळे उपाशीपोटीची साखर एकदा तपासा.

झोपेबद्दल मला पहिला संशय चहाचा येतो. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफीनचा निचरा झपाट्याने करतं. धूर बंद झाला की तोच कप रक्तात जास्त वेळ रेंगाळतो, मग छाती धडधडते, रात्री डोळा लागत नाही. चहा निम्मा करा, संध्याकाळचा बंदच.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. सिगारेट सोडल्यानंतरच्या एक-दोन वर्षांत थायरॉइड मंदावण्याची शक्यता थोडी वाढते. थकवा, बद्धकोष्ठ, थंडी न सोसणं असं काही असेल तर टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. थायरॉइड मंदावलेलं निघालं तर रोजची एक गोळी पुरते. त्या भीतीने पुन्हा सिगारेटकडे वळू नका.

तलफ आलीच तर 1800-11-2356 या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर बोला. तंबाखूची चिमूट मात्र तोंडात धरू नका, निकोटिन तेच आहे.