तुरीच्या मुळांवरील गाठी

पैठण तालुक्यातील पाचोडच्या शिवारात कपाशीच्या ओळींमध्ये तुरीच्या ओळी पेरतात. श्रावणात तुरीचे एखादे रोप खुरप्याने हळूच खणून काढावे. हिसका देऊन उपटले, तर पाहण्याजोगे ते मातीतच राहते! मुळांवर बारीक गाठी दिसतील. ही कीड नव्हे. नखाने फोडताच गाठ आतून गुलाबी निघाली, की तिचे काम चालू आहे असे समजावे.

हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू आहे. परंतु पिकांना तो जसाच्या तसा घेता येत नाही. भरल्या घरात उपाशी राहावे, तशी त्यांची गत! तुरीच्या गाठीतील सूक्ष्म जीवाणू मात्र या वायूपासून अमोनिया तयार करतात. तो तुरीच्या वाढीस उपयोगी पडतो. मोबदल्यात तूर त्यांना पानांत तयार झालेली साखर पुरविते. प्राणवायू अधिक झाल्यास जीवाणूंचे हे काम थांबते; म्हणून तो बेताबेताने पोहोचविणारे एक द्रव्य गाठीत असते. आपल्या रक्तातील तांबड्या द्रव्याचे ते भावंडच होय. गाठीचा गुलाबी रंग त्याचाच.

१८८८ साली हेलरीगल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी या गाठींचे कार्य सिद्ध केले. कडधान्यामागून घेतलेले पीक जोमाने येते, हे शेतकरी त्यापूर्वीच जाणून होते. तुरीचा पाला गळतो, मुळे कुजतात आणि त्यांतील नत्र पुढील वर्षी तेथे पेरलेल्या बाजरीस मिळते.