नगराचे ओळखपत्र आणि रहिवाशाचा विश्वास

परदेशातून आलेल्या व्यक्तीस देशात राहू द्यावयाचे किंवा नाही, हे ठरविण्याचा अधिकार अमेरिकेत संघ सरकारचा आहे; नगर प्रशासनास तो नाही. तथापि, परवान्याची मुदत संपलेला अथवा परवानाच नसलेला मजूरही कोणत्या तरी नगरात राहतो, आजारी पडतो, मुलांना शाळेत घालतो. ओळखीचा पुरावा नसल्याने बँकेत खाते उघडणे त्याला कठीण जाते आणि चोरी झाली तरी पोलीस ठाण्याची पायरी चढण्यास तो धजत नाही.

न्यू हेवनचा प्रारंभ

कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे अशा मजुरांची मिळकत रोख स्वरूपात त्यांच्याजवळच राहत असे. त्यामुळे लुटारूंना ते सहज सापडत. यावर उपाय म्हणून नगराने जून २००७ मध्ये सर्व रहिवाशांसाठी ओळखपत्राची योजना मंजूर केली. दोनच दिवसांनी संघ सरकारच्या अधिकाऱ्यांनी तेथे छापे घालून सुमारे तीस जणांना अटक केली. तरीही जुलैमध्ये ओळखपत्रांचे वाटप सुरू झाले.

न्यूयॉर्कची योजना

जानेवारी २०१५ मध्ये न्यूयॉर्कने हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर अमलात आणली. अर्जदारास त्याच्या कायदेशीर दर्जाविषयी विचारले जात नाही. ओळख व नगरातील वास्तव्य एवढेच सिद्ध करावे लागते. परदेशी पारपत्रही पुरावा म्हणून चालते. हे पत्र केवळ परवाना नसलेल्यांनाच दिले असते, तर ते जवळ बाळगणे हीच त्यांची कबुली ठरली असती. म्हणून ते सर्वांसाठी खुले ठेवून ग्रंथालये व वस्तुसंग्रहालये यांच्या सवलती त्याला जोडण्यात आल्या.

नोंदींचा प्रश्न

अर्जदारांच्या कागदपत्रांच्या प्रती नगराकडे जमा होत. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर त्या संघ सरकारच्या हाती पडतील, अशी भीती निर्माण झाली. जुन्या प्रती नष्ट करण्याची तरतूद मूळ कायद्यातच होती. परंतु राज्य विधिमंडळाच्या दोन सदस्यांनी त्यास न्यायालयात हरकत घेतली. एप्रिल २०१७ मध्ये निकाल नगराच्या बाजूने लागला. नव्या अर्जदारांच्या प्रती न ठेवण्याचा निर्णय नगराने तत्पूर्वीच घेतला होता.

या पत्राने नोकरीचा परवाना मिळत नाही, की हद्दपारी टळत नाही. रहिवाशाने निर्भयपणे आपल्या दारी यावे, एवढेच नगर साधू शकते. त्यासाठी कोणती माहिती मागावी, याइतकाच कोणती माहिती साठवू नये, याचाही विचार आवश्यक ठरतो.