‘विडी सोडा’च्या पुढचं वाक्य

चि. सायली,

तुझं पत्र मिळालं. प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होऊन दोन महिने झाले नाहीत, तोच तू लिहितेस की विडी ओढणाऱ्यांना सांगून उपयोग नाही, ते ऐकतच नाहीत. ते ऐकत नाहीत हे मान्य; पण आपण त्यांना ऐकवतो काय, हे एकदा बघ. ‘विडी सोडा, नाहीतर दमा वाढेल’ हे वाक्य खोटं नाही. पण खोकत खोकत रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला त्यात नवं काय मिळालं? बंडलावर चित्र छापलेलं असतं, सिनेमाआधी जाहिरात लागते, घरची मंडळी रोज कानीकपाळी ओरडतात. त्याच्याकडे माहितीचा तुटवडा नाही, तुटवडा आहे तो हाताशी असलेल्या मदतीचा. म्हणून माझं म्हणणं एवढंच की ‘सोडा’ म्हणून थांबू नकोस. ‘सोडायची असेल तर मी मदत करते, आजच ठरवू या का?’ हे वाक्य त्याच दमात यायला हवं. आणि तेही तयार दिसणाऱ्यालाच नव्हे, प्रत्येकाला.

याला आधार आहे. मायकेल रसेल यांनी १९७९ साली लंडनमधल्या २८ जनरल प्रॅक्टिशनरांकडे येणाऱ्या २,१३८ धूम्रपान करणाऱ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. डॉक्टरांनी एक-दोन मिनिटं आपापल्या पद्धतीनं सांगितलं, त्या गटात ३.३ टक्के लोकांनी महिनाभरात सोडली आणि वर्षानंतरही ती बंदच होती. ज्यांना त्यासोबत एक पत्रक दिलं आणि ‘पुन्हा विचारपूस होईल’ असं बजावलं, त्यांच्यात हे प्रमाण ५.१ टक्के झालं. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं त्यांच्यात ०.३. तू म्हणशील, शंभरातले पाच म्हणजे काय मोठंसं? पण रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या नोंदींवरून काढलेला हिशोब आठव: चाळिशीत सिगारेट सोडणाऱ्याला सुमारे नऊ वर्षांचं आयुष्य परत मिळतं, साठीत सोडणाऱ्यालाही तीन. दोन मिनिटांच्या मोबदल्यात एवढं देणारं दुसरं काम तुझ्या ओपीडीत शोधून बघ. ऐंशी पेशंट खोळंबलेले असताना वेळ कुठून आणू, हा आक्षेप खराच आहे. पण समुपदेशनाचा तास तुझ्याकडे कोणी मागतच नाही. तीन वाक्यं तू बोल, बाकीचं नर्सताईंवर आणि १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्विटलाइनवर सोपव.

‘प्रत्येकाला’ या शब्दावर तू अडशील. ज्याची इच्छाच नाही त्याला मदत देऊन काय करायचं? पण इच्छा आधी आणि मदत नंतर, हा क्रम आपण गृहीत धरलेला आहे. पॉल अॅव्हेयार्ड यांच्या गटानं २०१२ मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्या. नुसतं ‘तब्येतीसाठी सोडा’ म्हणण्यापेक्षा मदत देऊ केल्यावर सोडून पाहणारे जास्त निघाले, आणि त्यात त्यांची तयारी आहे का हे आधी विचारलेलंही नव्हतं. सांगण्याची रीत किती फरक पाडते, याचा आणखी एक पुरावा हर्टफर्डशरमधला, २००८ सालचा. त्या अभ्यासातल्या सगळ्याच धूम्रपान करणाऱ्यांची फुंकून फुप्फुसाची तपासणी झाली. एका गटाला कोरडा आकडा कळवला, दुसऱ्याला ‘तुमच्या फुप्फुसाचं वय इतकं’ असं सांगितलं. वर्षानंतर पहिल्या गटात ६.४ टक्के सुटले होते, दुसऱ्यात १३.६. यात गंमत अशी की ज्यांचं फुप्फुस फार म्हातारं निघालं तेच जास्त सुटले, असं काही दिसलं नाही. म्हणजे फरक निव्वळ भीतीनं पडला नसावा; गोष्ट स्वतःची म्हणून, कळेल अशा भाषेत सांगितली गेली, याचा तो परिणाम असावा असं मला वाटतं.

आता विचारायचं कसं, ते सांगतो. ‘व्यसन काही?’ असं वर न बघता विचारलं की ‘नाही’ हेच उत्तर येणार, कारण तो आरोप वाटतो. ‘विडी-सिगारेट ओढता का?’ हेही अपुरं. तंबाखूविषयीच्या २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि न ओढता तंबाखू घेणारे २४.४ टक्के. गालात बार भरलेला माणूस तुला अगदी खरं सांगेल की मी ओढत नाही; मशेरी लावणारी बाई तर ते दात घासणंच समजते. ‘विडी, तंबाखू, मशेरी, यातलं काय चालतं?’ असं सरळ विचार. मग ‘उठल्यावर पहिली विडी किती वेळात लागते?’ पाच मिनिटांत म्हणाला, तर नुसत्या निर्धारावर त्याला सोडू नकोस, निकोटिनच्या चिंगमचं बोल. ते भराभर चघळायचं नसतं. थोडं चावून चुणचुणलं की गालात धरायचं. तंबाखू खाणाऱ्याला ही कला वेगळी शिकवावी लागत नाही!

विडीनं तुम्हाला काय बरं वाटतं, हेही विचार. ‘त्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही’ असं उत्तर बरेचदा येईल. हसू नकोस. निकोटिननं आतडी हलतात आणि सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठता होते, हे खरंच आहे. कोमट पाणी, भाजी-भाकरी, गरज पडली तर इसबगोल सांग. नाहीतर तिसऱ्या दिवशी तो बंडल उघडेल. कष्टकऱ्याचा एवढाच विरंगुळा का काढून घ्यायचा, असं म्हणणारे भेटतील. त्या आक्षेपात माया आहे, म्हणून तो मला टाकाऊ वाटत नाही. पण सकाळच्या पहिल्या विडीचं सुख हे बरंचसं रात्रभर साचलेली तलफ भागल्याचं सुख असतं. ती तलफ पहिल्या आठवड्यात जोर करते, तीन-चार आठवड्यांत ओसरत जाते. हे दिवस त्याला आधी मोजून दे.

पंधरा दिवसांनी तो मान खाली घालून येईल. ‘पुन्हा सुरू केलीत?’ असं म्हणू नकोस. ‘किती दिवस बंद होती?’ हे आधी विचार. कुठे, कोणाबरोबर पेटवली तेही काढून घे आणि केसपेपरच्या कोपऱ्यात लिही: ‘विडी ४ दिवस बंद, लग्नघरी पुन्हा सुरू.’ पुढच्या खेपेला तू रजेवर असलीस, तरी त्या खुर्चीत बसलेल्याला तिथून पुढे बोलता येईल.

तुझा,
मामा