प्रयत्न वाढविणे : तीन इंग्रजी क्रियापदे

‘स्टेप अप’, ‘इंटेन्सिफाय’ व ‘रिडबल’ या तिन्ही इंग्रजी क्रियापदांना कार्यालयीन अनुवादात सरसकट ‘प्रयत्न वाढविणे’ म्हटले जाते. त्यांतील भेद वसईच्या मोहिमेवरून उमजतो. १७३७ मध्ये मराठ्यांनी वैतरणेच्या मुखावरील अर्नाळा बेट पोर्तुगीजांकडून घेतले; मोहीम एक पायरी वर चढली, हे ‘स्टेप अप’. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा वेढा आवळला. हे ‘इंटेन्सिफाय’, म्हणजे तीव्र करणे. हल्ले परतविले गेल्यावरही मराठे पुन्हा तटाला भिडले. येथे ‘रिडबल’च शोभते. मात्र त्याचे भाषांतर ‘प्रयत्न दुप्पट करणे’ असे केल्यास वाचक उगाच हिशेब मागतो. अपयशानंतरची ही जिद्द ‘पुन्हा नेट लावणे’ या मराठी प्रयोगात अचूक उतरते.