पणजोबांचा शोध व तीर्थोपाध्यांच्या वह्या

श्राद्धाच्या वेळीं पिता, पितामह, प्रपितामह अशा तीन पिढ्यांचीं नांवें घ्यावीं लागतात. पहिलीं दोन चटकन् येतात, तिसऱ्याला बहुतेक जण अडतात. आणि माता, पितामही, प्रपितामही म्हटलें कीं घरांतलीं वडीलधारीं माणसेंहि एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. हीं नांवें सांपडतात कशीं, एवढाच आजचा विषय.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यांच्या वह्या हें यांतलें मोठें साधन. यजमानाचें मूळ गांव व आडनांव विचारून उपाध्ये वही काढतात. तेथें "आम्ही लालबागचे" सांगून भागत नाहीं. पणजोबा गिरणींत कामाला येण्यापूर्वीं ज्या गांवचे होते तें गांव सांगावें लागतें. म्हणून आधीं घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून घ्यावें, मग गाडींत बसावें. वहींत आलेल्याचें नांव, बाप, आजा, भाऊ, मुलगे, पुष्कळदां आई व बायको, आणि आल्याची तिथि असते. जुने लेख मोडींत. वाचणारा सोबत न्यावा. शकांत ७८ मिळविले कीं इसवी सन येतो, १ जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथीला मात्र ७९ मिळवावे.

खरी अडचण पुढेंच आहे. आपल्याकडे नातवाला आज्याचें नांव ठेवण्याची चाल. त्यामुळें रामजी बिन तुकाजी, मग तुकाजी बिन रामजी, पुन्हां रामजी बिन तुकाजी, अशी रांग लागते. उतावळा माणूस दोन रामजींचा एक करून टाकतो, आणि मधला तुकाजी बिचारा वंशावळींतून गळतो! अशा वेळीं बायकांचीं नांवेंच हात देतात. एका रामजीची आई सगुणा आणि दुसऱ्याची भागीरथी निघाली, कीं माणसें दोन हें नक्की झालें. जुन्या कागदांत 'कोम' हा शब्द दिसला तर तो 'अमक्याची बायको' असा वाचावा. त्या ओळी गाळूं नयेत. माझ्या मतें शोधाची सुरुवात पणजीच्या माहेरापासून केली तर निम्मे घोटाळे टळतात.

वहीवर थांबूं नये. जमिनीच्या फेरफारांत वारसाची नोंद असते. कोतवाल बुकांत, म्हणजे गांव नमुना १४ मध्यें, जन्ममृत्यु सांपडतात. शाळेच्या जनरल रजिस्टरांतहि पाहावें, पण तेथली जन्मतारीख १ जून असली तर ती मास्तरांनीं अंदाजानें घातली असावी असें समजावें.

एका कागदावर किती विसंबावें? तुकोबारायांचा वंश विश्वंभरबाबांपासून नांवानिशीं सांगतां येतो. तरी जन्मसाल राजवाड्यांच्या मतें १५६८, भाव्यांच्या मतें १५९८, आणि रूढ साल १६०८. चाळीस वर्षांचा फरक झाला कीं! जेथें एवढे अभ्यासक बसले तेथें ही गत, मग आपल्या पणजोबांचें साल दोन ठिकाणीं जुळल्याशिवाय पक्कें धरूं नये. बखरींतल्या एखाद्या मोठ्या घराण्याला आपली फांदी चिकटवूं नये, हें वेगळें सांगायला नको.

निघतांना उपाध्ये वही पुढें करतील व आपला लेख लिहायला सांगतील. जुन्या लेखांत मुलींचीं नांवें बहुधा नसतात. आपण घालावीं, बायकोच्या माहेरचें गांवहि घालावें, आणि तिथीबरोबर तारीख लिहून सही करावी.