एकवीस दिवसांची फेरी : थॅलसेमियाच्या लेकरासोबत एक वर्ष



या पानावर आम्ही नेहमी बियाणे, खते, जनावरांचे आजार आणि घरातील आरोग्य यांविषयी लिहितो. या वेळी एका लेकराविषयी लिहीत आहोत. आपल्या धर्मग्रामातील एका शेतकरी कुटुंबाच्या मुलाला थॅलसेमिया हा रक्ताचा आजार आहे. गेल्या जूनपासून या जूनपर्यंत त्या कुटुंबाचे वर्ष कसे गेले, हे आम्ही जवळून पाहिले. आईबापांच्या परवानगीने, नावे गाळून, ते येथे देत आहोत. दुसऱ्या कोणाच्या घरी असे लेकरू असेल तर त्याला उपयोग व्हावा, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांनी काय करावे हेही कळावे, एवढाच हेतू.

आजार कसा कळला

मूल जन्मले तेव्हा चांगले गुटगुटीत होते. सहा महिन्यांनंतर ते पांढरे पडू लागले. अंगावरचे दूध टाकी, किरकिर करी, पोट मात्र फुगलेले. शेजारच्यांनी कावीळ म्हटले, कोणी करणी म्हटले. लोहाच्या टॉनिकच्या दोन बाटल्या झाल्या. आम्हीही शहाणपण सांगितले की गूळ-शेंगदाणे भरवा, पालेभाजी लोखंडी कढईत करा. आमचा तो सल्ला त्या लेकरासाठी चुकीचा होता, हे पुढे कळले.

मूल दीड वर्षाचे असताना तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासले. हिमोग्लोबिन पाचाच्या आत होते. त्यांनी वेळ न घालवता मोठ्या गावी जाण्यास सांगितले. मुलाचे मामा हैदराबादेत कामाला आहेत, म्हणून तिकडे नेले. आपल्या भागाला हैदराबाद परके नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, आणि जुनी माणसे आजही मोठ्या दुखण्याला ‘हैदराबादला न्या’ असेच म्हणतात. तेथे मुलाची आणि आईबाप दोघांची रक्ताची खास तपासणी झाली आणि थॅलसेमिया मेजर असे निदान निघाले.

थॅलसेमिया म्हणजे काय

रक्ताच्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते. ते फुप्फुसातला प्राणवायू अंगभर पोचविते. हे हिमोग्लोबिन घडविण्याची सूचना प्रत्येक मुलाला आईकडून एक आणि बापाकडून एक अशी मिळते. त्यांतली एक सदोष असली तर माणूस ‘वाहक’ असतो. तो नांगर धरतो, ओझे उचलतो, म्हातारा होतो. फार तर रक्त थोडे कमी भरते. पण दोन्ही सूचना सदोष आल्या तर शरीराला धड रक्त बनविता येत नाही. जन्मल्यावर काही महिने गर्भातले हिमोग्लोबिन पुरते, म्हणून मूल आधी निरोगी दिसते आणि मग खालावते.

दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक बाळंतपणात मूल थॅलसेमियाचे होण्याचा संभव चारांत एक असतो, वाहक होण्याचा चारांत दोन आणि पूर्ण निर्दोष होण्याचा चारांत एक. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नाही. दर वेळी फासा नव्याने पडतो. आपल्या देशात सरासरी शंभरांत तीन ते चार माणसे वाहक आहेत. काही समाजांत हे प्रमाण याहून जास्त आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. निदान झाल्यावर त्या घरात पहिला बोल सुनेला लागला. ‘आमच्या घराण्यात असे कधी नव्हते,’ असे आजी म्हणाल्या. तपासणीच्या कागदावर मात्र आई आणि बाप दोघेही वाहक होते. हा आजार एकीकडून येऊच शकत नाही. आम्ही तो कागद घेऊन आजींजवळ बसलो. जन्मतः आंधळ्या माणसाविषयी शिष्यांनी प्रभूला विचारले होते की पाप याचे की याच्या आईबापांचे. प्रभूने दोन्हीला नकार दिला. आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. दुसऱ्या फेरीला मुलाला मांडीवर घेऊन त्या स्वतः रेल्वेत बसल्या.

वर्षाचे वेळापत्रक

उपाय असा की बाहेरून रक्त द्यायचे. नुसता जीव तगावा एवढेच नव्हे, तर मूल वाढावे आणि हाडे वाकडी होऊ नयेत म्हणून रक्त चढविण्याआधीचे हिमोग्लोबिनही नऊ-दहाच्या खाली जाऊ द्यायचे नसते. त्यासाठी बहुतेक मुलांना दोन ते पाच आठवड्यांनी रक्त लागते. या मुलाला एकवीस दिवसांनी लागते. म्हणजे वर्षाला सतरा फेऱ्या.

फेरी अशी होते. आदल्या दिवशी जनावरांचा चारापाणी शेजारच्यांना सांगून रात्रीच्या गाडीने निघायचे. नांदेड, निजामाबाद मागे टाकीत सकाळी हैदराबाद. रक्ताचा नमुना देऊन गट जुळवायचा. मग तीन-चार तास मूल हाताला सुई लावून पडून राहते. रक्त चालू असताना थंडी वाजली, ताप आला, अंगावर पित्त उठले तर ताबडतोब परिचारिकेला सांगायचे, संकोच करायचा नाही. संध्याकाळी परत गाडी. मूल येताना मलूल असते आणि जाताना डब्यात पळत असते.

हैदराबादेत अशा मुलांसाठी काम करणारी थॅलसेमिया अँड सिकल सेल सोसायटी आहे. आजारी मुलांचे आईबाप, डॉक्टर आणि हितचिंतक यांनी १९९८ साली ती सुरू केली. शिवरामपल्ली येथे तिचे केंद्र व स्वतःची रक्तपेढी आहे. एका खोलीत वीस-पंचवीस मुले ओळीने रक्त घेताना पाहिली तेव्हा, ‘आमचे एकट्याचेच असे नाही,’ हे त्या आईला प्रथम उमगले. औषधाइतकाच या गोष्टीने तिला धीर दिला.

जून-जुलैत पेरणी आणि फेरी एकाच आठवड्यात आली. बापाने पेरणी धरली आणि आई एकटीच मुलाला घेऊन गेली. पुढच्या वेळी भावकीने एक दिवस त्यांच्या रानात तिफण चालविली. एप्रिल-मे हा सर्वांत कठीण काळ. महाविद्यालयांना सुट्या लागतात, उन्हामुळे रक्तदान शिबिरे कमी होतात, आणि रक्तपेढ्यांत पिशव्यांची चणचण होते. मे महिन्यात या मुलाला रक्त मिळायला चार दिवस उशीर झाला. चार दिवस म्हणजे आपल्याला काय, पण ते लेकरू अंगणातून उंबऱ्यापर्यंत चालताना बसत होते.

रक्ताबरोबर येणारे लोखंड

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. कालव्याचे पाणी सतत दिलेली काळी जमीन आपण पाहिली आहे. पाण्याने पीक जगते, पण निचरा नसेल तर पाण्यातला क्षार जमिनीत साठतो, आणि काही वर्षांनी तीच जमीन चिबड होऊन उगवण बंद पडते. या मुलांचे तसेच आहे. रक्ताच्या एका पूर्ण पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते. शरीरातून दिवसाला जेमतेम एक मिलिग्रॅम लोह बाहेर पडते. जास्तीचे लोह काढून टाकण्याची सोय शरीरात नाही. लहान मुलाला पूर्ण पिशवी लागत नाही, तरीही या मुलाच्या अंगात वर्षाला सुमारे दोन ग्रॅम लोह गेले. मोठ्या माणसाच्या सबंध शरीरात ते तीन-चार ग्रॅम असते, यावरून अंदाज करावा. हे लोह काळजात, हृदयात आणि वाढीच्या ग्रंथींत साठते. रक्त मिळूनही अशी मुले दगावत, ती बहुधा हृदयात साठलेल्या लोहामुळे.

म्हणून चर काढावा लागतो. पूर्वी डेस्फेराल हे एकच औषध होते. लहान पंपाने पोटाच्या कातडीखाली आठ-दहा तास, आठवड्यातून पाच-सहा रात्री ते द्यावे लागे. १९९५ मध्ये डेफेरिप्रोन ही तोंडाने घ्यायची गोळी भारतात बाजारात आली, आणि पुढे डेफेरासिरॉक्स आली. ती दिवसातून एकदा, अनशेपोटी, पाण्यात विरघळवून देतात. रक्तातील फेरिटिन तपासून साठा किती ते कळते. तो हजाराच्या आसपास किंवा खाली असावा, असा प्रयत्न असतो.

या कुटुंबाची चूक येथे झाली. दिवाळीच्या आधी सोयाबीनला भाव नव्हता आणि देणे अंगावर होते. मूल तर खेळत होते. बाप आम्हांला म्हणाला, “फादर, रक्त दिले की पोरगं हसतंय, गोळी दिली काय न दिली काय, फरक दिसत नाही.” दोन महिने गोळी बंद राहिली. जानेवारीत फेरिटिन तपासले, ते दीड हजारावरून अडीच हजारांच्या पुढे गेलेले. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “चर बुजवून पाणी सोडाल का?” बाप शेतकरी, त्याला पुढे काही सांगावे लागले नाही. तेव्हापासून गोळी रोज पहाटे, धार काढण्याच्या वेळी, आई स्वतः देते आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करते. फेरिटिन हळूहळू उतरत आहे. साठायला दोन महिने लागले, उतरायला त्याहून जास्त लागणार.

आजार मुळातून जाईल का?

अस्थिमज्जा रोपणाने जाऊ शकतो. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात १९८६ पासून अशी रोपणे होत आली आहेत. त्यासाठी गुणधर्म जुळणारा दाता लागतो. सख्ख्या भावंडाचे पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक असतो. लहान वयात, लोहाचा साठा कमी असताना रोपण केले तर यश अधिक. खर्च मोठा आहे, धोकाही आहे. कोल इंडिया कंपनीच्या मदतीने २०१७ पासून थॅलसेमिया बाल सेवा योजना सुरू झाली. तिच्यातून ठरावीक रुग्णालयांत पात्र मुलांना दहा लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठेवले गेले. या मुलाच्या मोठ्या बहिणीचे जुळले नाही. त्यांचा रस्ता रक्त आणि गोळी हाच आहे, आणि तो नीट चालला तर मूल शिकते, नोकरी करते, संसारही करते. हैदराबादेत अशी मोठी झालेली मुले त्यांनी डोळ्यांनी पाहिली.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. मूल पांढरे दिसते म्हणून तपासणीशिवाय लोहाचे टॉनिक देऊ नका. साध्या पंडुरोगात ते औषध आहे, थॅलसेमियात ते नुकसान करते.

२. लोह काढणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. ताप आला तर वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. डेफेरिप्रोनने क्वचित पांढऱ्या पेशी एकदम कमी होतात.

३. यकृतशोथ ‘ब’ ची लस पूर्ण करा. प्रत्येक पिशवीची नोंद एका वहीत ठेवा.

४. वरचेवर रक्त लागणाऱ्या थॅलसेमियाच्या रुग्णांना रक्त मोफत द्यावे, असे राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेचे धोरण आहे. पैसे मागितल्यास नम्रपणे हे सांगा.

५. २०१६ च्या कायद्याने थॅलसेमिया दिव्यांगतेत धरला आहे. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र काढून घ्या.

६. घरात एक मूल असे निघाले तर आईबापांच्या सख्ख्या भावाबहिणींनीही तपासून घ्यावे. या मुलाच्या धाकट्या काकाचे लग्न ठरत होते. तो वाहक निघाला. मुलीकडच्यांना त्याने स्वतः जाऊन सांगितले. मुलीची तपासणी झाली, ती वाहक नव्हती, आणि लग्न ठरल्या तिथीला लागले. लपविले असते तर काय झाले असते, याचा विचार करावा.

म्हणून तरुणांना आमची विनंती आहे. देवळात लग्नाची घोषणा होण्याआधी, शक्य तर बोलणी सुरू होण्याआधीच, ही रक्ततपासणी करून या. जिल्ह्याच्या ठिकाणी ती होते. वाहकाला ख्रिस्तसभेत लग्नाची बंदी नाही. पण जाणून केलेला संसार आणि न जाणता आलेले दुःख, यांत फरक आहे.

आपण काय करू शकतो

अठरा ते पासष्ट वयाचा, पंचेचाळीस किलोच्या वर वजनाचा, हिमोग्लोबिन साडेबारा असलेला निरोगी माणूस रक्त देऊ शकतो. पुरुषाने तीन महिन्यांनी, स्त्रीने चार महिन्यांनी. नांगरट करणाऱ्या गड्याची ताकद याने जात नाही. एक दिवस जड काम करू नये आणि पाणी भरपूर प्यावे, एवढेच. शाळेच्या सभागृहात येत्या एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, मिस्सेनंतर, रक्तदान शिबिर घेण्याचे आम्ही ठरविले आहे. मुद्दाम उन्हाळा निवडला आहे, कारण चणचण तेव्हाच असते. नावे आजपासून कार्यालयात द्यावीत.

ते लेकरू आता चार वर्षांचे आहे. अंगणवाडीत जाते. पुढची फेरी या महिन्याच्या चोवीस तारखेला आहे, आणि त्याच दिवशी त्यांच्या रानात कपाशीची खुरपणी आली आहे. ज्यांना दोन तास जमतील त्यांनी सकाळी सातला त्यांच्या बांधावर यावे. आम्हीही येऊ.